‘डेटा मिळवते’ एवढंच लिहून गेलेल्या गृहस्थांना खुलं पत्र



तुमचं नाव मला ठाऊक आहे. आमच्या कोडच्या इतिहासात त्या फाइलसमोर ते तारखेसकट नोंदलेलं आहे. इथे ते लिहीत नाही, कारण तुम्ही केलंत ते करणारे आणखी पुष्कळ आहेत आणि हे पत्र त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. पण राग तुमच्यावर आहे, आणि तो लपवण्याचा माझा विचार नाही.

तुम्ही आमच्या एआय एजंटसाठी एक टूल बनवलंत. नाव ठेवलंत ‘गेट_डेटा_2’. वर्णनाच्या जागी लिहिलंत, ‘डेटा मिळवते.’ त्या टूलला चार गोष्टी पुरवाव्या लागतात. त्यांची नावं ‘एमकेटी’, ‘कॉम’, ‘डीटी’ आणि ‘टाइप’. चारांपैकी एकीचाही अर्थ कुठे दिला नाहीत. टूल चालतं का, एवढं एकदा पाहिलंत, काम पूर्ण झाल्याची खूण केलीत आणि दुसऱ्या प्रकल्पावर गेलात. त्या दोन शब्दांची किंमत पुढे एका माणसाने स्वतःच्या खिशातून भरली. ती कशी भरली, हे तुम्हाला कळायलाच हवं.

आमची सेवा शेतकऱ्यांसाठी आहे. शेतकरी मोबाइलवर मराठीत प्रश्न टाइप करतो किंवा बोलतो, आणि एजंट उत्तर देतो. बाजारभाव एजंटला पाठ नसतात. तो तुमच्या टूलला विचारतो, टूल बाजार समित्यांच्या रोजच्या नोंदींतून आकडा आणतं आणि एजंट तो शेतकऱ्याला सांगतो. चांदवड तालुक्यातल्या एका कांदा उत्पादकाने रविवारी रात्री विचारलं, ‘लासलगावला उन्हाळी कांद्याला काय भाव चाललाय?’ एजंटने उत्तर दिलं, ‘क्विंटलला 2,310 रुपये.’ त्याच्या शेजाऱ्याने त्याच आठवड्यात चांदवडलाच माल विकला होता आणि त्याला सतराशेच्या आसपास भाव मिळाला होता. सहाशेचा फरक दिसला म्हणून या माणसाने सोमवारी पहाटे पिकअप भाड्याने केली, जवळचं मार्केट सोडलं आणि लासलगाव गाठलं. लिलावात त्याच्या कांद्याला 1,640 चा भाव लागला. गाडीभाडं जास्त गेलं, अख्खा दिवस गेला आणि पदरी चांदवडपेक्षाही कमी पडलं. त्याने आम्हाला फोन केला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, ‘तुमच्या फोनमधल्याने सांगितलं म्हणून गेलो होतो.’

ते वाक्य मला अजून टोचतं. ते मी ऐकलं, तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणून हे पत्र.

मी तुमचा कोड उघडून पाहिला. बाजार समितीच्या रोजच्या तक्त्यात प्रत्येक शेतमालापुढे आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. त्यांतला फरक बाजारात माल नेणाऱ्या कुणालाही विचारा. कमाल दर म्हणजे त्या दिवशी एखाद्या निवडक, उत्तम वाळवलेल्या, एकसारख्या आकाराच्या, प्रतवारी केलेल्या मालाला मिळालेला सर्वांत वरचा आकडा. बहुतेक गाड्या सर्वसाधारण दराच्या आसपास जातात. तुमचं टूल कमाल दर उचलत होतं. शिवाय मागितलेल्या दिवशी लिलाव झाला नसेल, तर गुपचूप मागच्या व्यवहाराच्या दिवसाचा आकडा देत होतं. रविवारच्या त्या प्रश्नाला शनिवारचा कमाल दर मिळाला. उत्तरात ना तारीख होती, ना तो कमाल असल्याचा उल्लेख. होता फक्त आकडा.

माझा संताप या पुढच्या गोष्टीवर आहे. कोडच्या मध्यभागी, जिथे फक्त प्रोग्रॅमरची नजर पडते, तिथे तुम्ही दोन टिपा लिहून ठेवल्या आहेत. एक, ‘आधीच्या ग्राहकाने कमाल दर मागितला होता, तोच ठेवला.’ दुसरी, ‘बाजार बंद असेल तर आधीचा दिवस.’ म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिल्यात, आणि ज्याला त्या कळायला हव्या होत्या त्याला दिसणार नाहीत अशा ठिकाणी लिहिल्यात. याला अज्ञान म्हणता येत नाही. हा निष्काळजीपणा आहे.

एजंटला नेमकं काय दिसतं, हे तुम्हाला नव्याने सांगायची गरज पडू नये, पण सांगतो. भाषा मॉडेलला वापरकर्त्याच्या प्रश्नाबरोबर टूल्सची यादी दिली जाते. त्या यादीत प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवायची याचा आराखडा असतो. हा सगळा मजकूर आहे. मॉडेल तो वाचतं, कोणतं टूल वापरायचं हे त्यावरून ठरवतं, रकाने भरतं आणि मागणी पाठवतं. टूल चालवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. तो चालतो आणि त्याचं उत्तर पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे येतं. तुमच्या चारशे ओळींच्या कोडपैकी एकही ओळ त्याला दिसत नाही. तुमच्या टिपा दिसत नाहीत. तुमच्या डोक्यात काय होतं, ते तर दूरच. ओपनएआयने जून 2023 मध्ये आपल्या मॉडेलांना अशा रीतीने बाहेरची फंक्शन्स वापरण्याची सोय दिली तेव्हाही रचना हीच होती. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला, त्यातही टूलची ओळख नाव, वर्णन आणि आराखडा यांतूनच होते. एजंटच्या जगात तुमचं टूल म्हणजे तुम्ही त्याच्याबद्दल लिहिलेला मजकूर. आणि तुम्ही लिहिलंत, ‘डेटा मिळवते.’

हे टूल बनलं तेव्हाच्या आढावा बैठकीत त्यावर प्रश्न निघाला होता. इतिवृत्तात तुमचं उत्तर आहे, ‘मॉडेल हुशार आहे, समजून घेईल.’ काय समजून घेईल? 2,310 या आकड्याकडे कितीही वेळ बघितलं, तरी तो कमाल आहे की सर्वसाधारण, शनिवारचा आहे की आजचा, हे त्यातून निघत नाही. मला कळलं नसतं, तुम्हाला कळलं नसतं, लासलगावच्या सगळ्यात जुन्या व्यापाऱ्यालाही कळलं नसतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढचं मॉडेल याहून हुशार येईल, त्याच्यापुढचं आणखी हुशार येईल, आणि ‘डेटा मिळवते’ वाचून तेही याच चिखलात रुतेल.

मॉडेलचं हुशार असणं इथे उलट अंगावर येतं. अडाणी प्रोग्रॅम अर्थ लागला नाही की थांबतो. मॉडेल थांबत नाही. ते मोकळी जागा सगळ्यात संभवनीय अर्थाने भरतं आणि शुद्ध, नम्र, आत्मविश्वासाच्या मराठीत उत्तर देतं. शेतकऱ्याला भावाचा आकडा एवढ्या छान वाक्यात मिळाला की शंका घ्यायला जागाच उरली नाही. तुमचा आळस त्या सुंदर वाक्याआड झाकला गेला.

आम्ही तक्रार केल्यावर तुम्ही वर्णन बदललंत, हेही नोंदवतो. दुसऱ्या एका चॅटबॉटला सांगून भला मोठा परिच्छेद लिहून घेतलात आणि न वाचता चिकटवलात. ‘हे एक शक्तिशाली आणि बहुउपयोगी टूल असून कृषी क्षेत्रातील विविध प्रकारची अद्ययावत माहिती सहजतेने उपलब्ध करून देते.’ अशी अकरा वाक्यं. कमाल दराचा उल्लेख नाही. आधीच्या दिवसाचा उल्लेख नाही. ‘डीटी’मध्ये तारीख कशी लिहायची, हे नाही. उलट ‘विविध प्रकारची माहिती’ वाचून एजंट हवामानाच्या प्रश्नालाही तुमचंच टूल बोलवू लागला. दोन शब्दांचं वर्णन मुकं होतं, अकरा वाक्यांचं खोटं बोलत होतं. आणि प्रत्येक संभाषणात तो अकरा वाक्यांचा मजकूर मॉडेलला पुन्हा वाचावा लागत होता, त्याचं बिल आम्ही भरत होतो.

तारखेचंच घ्या. ‘03/04’ म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल. अमेरिकेत तेच 4 मार्च. मॉडेलने दोन्ही प्रकारचा मजकूर ढिगाने वाचलेला असतो. तुम्ही आराखड्यात एवढंच लिहायचं होतं, ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, उदाहरणार्थ 2025-04-03.’ एक ओळ. ती नसल्यामुळे एप्रिलमध्ये विचारलेल्या प्रश्नांना मार्चचे भाव गेले. किती लोकांना गेले, हे आता शोधून काढायचाही मार्ग नाही, कारण तुमचं टूल उत्तरात तारीखच परत देत नव्हतं.

आणि ‘एमकेटी’? तिथे कुठलाही मजकूर चालतो असं तुम्ही ठेवलंत. राज्याच्या यादीत ‘लासलगाव’ वेगळं, ‘लासलगाव - विंचूर’ वेगळं, ‘लासलगाव - निफाड’ वेगळं. पुण्याचंही तसंच, पिंपरी आणि मोशी वेगळ्या नोंदी. शेतकरी ‘विंचूरचा भाव’ विचारतो, एजंट ‘विंचूर’ पाठवतो, आणि तुमचं टूल उत्तर देतं, ‘एरर 400.’ काय चुकलं? पुढे काय करायचं? काही नाही. एजंटने तीच मागणी पाच वेळा पाठवली आणि शेवटी शेतकऱ्याला सांगितलं की विंचूरला आज आवक नाही. चूक कळवणारा संदेशसुद्धा वर्णनाचाच भाग असतो. ‘विंचूर या नावाची नोंद नाही, ‘लासलगाव - विंचूर’ वापरा’ असं ते टूल म्हणालं असतं, तर दुसऱ्या खेपेला काम झालं असतं. बाजारांची पक्की यादी आराखड्यातच दिली असती, तर पहिल्याच खेपेला झालं असतं.

हे सगळं माझं मनचं शास्त्र नाही. अँथ्रॉपिकच्या इंजिनिअरांनी डिसेंबर 2024 मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला. सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करणारा एजंट बनवताना त्यांचा वेळ एजंटला द्यायच्या मुख्य सूचनांपेक्षा टूल्स नीट करण्यात जास्त गेला. त्यांचा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा पत्ता चुकवायचा, कारण टूल अर्धा पत्ता स्वीकारत होतं. त्यांनी मॉडेलला दोष दिला नाही. टूल असं बदललं की मुळापासूनचा पूर्ण पत्ताच द्यावा लागेल, आणि ती चूक बंद झाली. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी कारखान्यांसाठी हाच विचार मांडला होता: भाग उलटा बसूच शकणार नाही असा साचा करा. त्या पद्धतीचं आधीचं जपानी नाव ‘मूर्खापासून बचाव’ अशा अर्थाचं होतं. कामगाराचा त्यात अपमान होतो म्हणून ते बदलून ‘पोका-योके’, म्हणजे नकळत होणाऱ्या चुकीपासून बचाव, असं केलं गेलं. चूक करणाऱ्याला मूर्ख न म्हणता साचा सुधारायचा, एवढा विचार त्या नावबदलात आहे. तुम्ही मात्र प्रत्येक बैठकीत ‘एजंटच मूर्ख आहे’ म्हणत राहिलात.

ओपनएआयच्या मार्गदर्शिकेत एक साधी कसोटी दिली आहे. मॉडेलला जेवढं दिलंत तेवढंच एखाद्या इंटर्नच्या हाती द्या. त्याला ते फंक्शन बरोबर वापरता येईल का? नसेल येत, तर तो जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं वर्णनात घाला. मी हे करून पाहिलं. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीला तुमच्या टूलचा कागद दिला. तिने लागोपाठ विचारलं: कुठला डेटा? ‘कॉम’ म्हणजे कमोडिटी की कंपनी? भाव किलोचा की क्विंटलचा? बाजार बंद असेल तर काय येतं? ‘टाइप’मध्ये काय लिहू? पाच मिनिटांत पाच प्रश्न. तुम्हाला तेव्हा पाच मिनिटं काढता आली असती.

लासलगावच्या आवारात माझं बऱ्याचदा जाणं होतं. तिथे शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी आणि हिशेबपट्टी पडते. वजन किती क्विंटल, दर काय, हाती किती, सगळं लिहिलेलं असतं. घाईत, धुळीत, उन्हात उभा असलेला माणूस ते लिहितो, कारण पुढचा माणूस त्या कागदावर विसंबणार आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वातानुकूलित खोलीत बसून त्याच बाजाराचा आकडा पुरवणाऱ्या तुम्हाला ‘प्रति क्विंटल’ हे दोन शब्द लिहवले नाहीत.

तुमचं दुसरं टूल जमिनीच्या क्षेत्रासाठी आहे. ते ‘0.80’ असा आकडा देतं, एकक नाही. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, पण गावात बोलणं चालतं एकर-गुंठ्यांत. 0.80 हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर. तेच 0.80 एकर समजलं तर 32 गुंठे. खताची मात्रा जवळपास अडीच पटीने चुकते. ही चूक आम्ही चाचणीतच पकडली, शेतकऱ्यापर्यंत गेली नाही. तुमच्यामुळे नव्हे.

तिसऱ्या टूलबद्दल थोडक्यात. ‘अपडेट_सब’, वर्णन ‘सदस्यता अपडेट करते.’ प्रत्यक्षात ते त्या माणसाच्या जुन्या सगळ्या भाव-सूचना पुसून नव्याने लिहितं. एका बाईंनी टोमॅटोच्या भावाची सूचना वाढवून मागितली आणि त्यांच्या कांदा, मका, सोयाबीनच्या सूचना बंद झाल्या. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये मार्च 2025 पासून अशी खूण लावायची सोय आहे: हे टूल फक्त वाचतं की बदल करतं, आणि बदल करत असेल तर आधीचं नष्ट करू शकतं का. ती खूण लावली असती आणि वर्णनात ‘जुन्या नोंदी पुसल्या जातात’ एवढं म्हटलं असतं, तर एजंटने आधी विचारलं असतं.

वर्णनातल्या शब्दांत किती जोर आहे, हे इतरांनी तुमच्याआधी ओळखलं. एप्रिल 2025 मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी दाखवून दिलं की टूलच्या वर्णनात लपवलेल्या सूचना वाचून एजंट वापरकर्त्याच्या खाजगी फाइल्स बाहेर पाठवू शकतो. वर टूल दिसतं बेरीज करणारं, वर्णनात आत हुकूम वेगळाच. एजंट वर्णनावर एवढा विश्वास ठेवतो. आम्ही तुमच्यावर तसाच ठेवला होता.

तुम्ही म्हणाल, दुरुस्त करून टाका की. केलं. टूलचं नाव आता ‘बाजार_समिती_शेतमाल_दर’ आहे. वर्णन सहा वाक्यांचं आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द मी बाजार समितीचा तक्ता शेजारी ठेवून लिहिला. महाराष्ट्रातल्या एका बाजार समितीतला एका शेतमालाचा एका दिवसाचा दर देतं. दर रुपये प्रति क्विंटल. किमान, कमाल आणि सर्वसाधारण तिन्ही परत येतात, शेतकऱ्याने ‘भाव’ म्हटलं की सर्वसाधारण दर सांगावा. लिलाव झाला नसेल तर शेवटच्या व्यवहाराचा दर येतो आणि त्याची तारीख सोबत येते, ती उत्तरात सांगावीच. उद्याचा अंदाज हे टूल देत नाही. हवामान आणि हमीभावासाठी वापरू नये. बाजारांची यादी आराखड्यात आहे. तारखेचा नमुना आहे. लिहायला आणि तपासायला एक दुपार लागली.

एक जागा मात्र रिकामी आहे. लासलगावला एकाच दिवशी लाल आणि उन्हाळी असे दोन्ही कांदे येतात, तेव्हा दोघांच्या वेगळ्या नोंदी होतात. ‘टाइप’ रिकामं असेल, तर तुमचा कोड त्यांतली एक निवडतो. कशावरून निवडतो, हे मला कोडवरून उलगडत नाही. तिथे एक आकडा आहे, 7, आणि त्याच्याशेजारी एकही टीप नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. उन्हाळी कांदा अजून चाळीत आहे आणि लाल बाजारात यायला लागेल, त्याआधी त्या 7 चा अर्थ एका वाक्यात लिहून कळवा. वाट पाहत आहे.

आपला,
तुमचं टूल सांभाळणारा